एक राष्ट्राध्यक्ष, दोन भिंती: नाशिकमधल्या एका छायाचित्र प्रदर्शनाचं प्रकरण

गेल्या नोव्हेंबरात गंगापूर रोडवरच्या एका छोट्या दालनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं. भरवणारं मंडळ नाशिकचंच. त्यात लग्नाचे फोटो काढून पोट भरणारे होते, रविवारी पक्षी टिपायला नांदूरमध्यमेश्वरला जाणारे होते, आणि मेन रोडवर अनेक वर्षं स्टुडिओ चालवून आता मुलाच्या हाती दुकान सोपवलेले एक काका होते. मला बोलावलं होतं ते मराठी फोटोओळी लिहायला.

केनेडीच का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला. आपल्याकडचे राष्ट्रपती सोडून तिकडचे कशाला? उत्तर बरंचसं खिशाशी निगडित होतं. अमेरिकेच्या सरकारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रावर तिकडच्या कायद्यानं कॉपीराइट राहत नाही. केनेडींच्या व्हाइट हाउसमधली अशी हजारो छायाचित्रं बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहेत, तारीख-ठिकाणासह सूचीत लावलेली, आणि त्यांतली बरीच कोणालाही उतरवून घेता येतात. मंडळाकडे पैसे होते ते छपाईपुरते. विषय त्यामुळे ठरला. गोडी नंतर लागली.

पहिला आराखडा सरळ होता. आत शिरल्यावर डावीकडची भिंत ‘कर्तव्य’, उजवीकडची ‘कुटुंब’. डावीकडे बैठका, भाषणं, पाहुणे राष्ट्रप्रमुख. उजवीकडे मुलं, होडी, कुत्री, समुद्रकिनारा. निमंत्रणपत्रिकाही याच दोन शब्दांवर बेतली होती. कोणालाही पटेल अशी ही मांडणी होती, आणि मला वाटतं तीच तिची अडचण होती. आपण नेत्याकडे असंच पाहतो: हा सभेतला, तो घरातला. घरातला तो खरा, असंही मनात कुठंतरी धरून चालतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेब नातवाला कडेवर घेऊन हसतात तेव्हा फ्लेक्स छापणाऱ्यालाही हेच सांगायचं असतं.

आराखडा मोडला तो एका कुत्र्यांच्या फोटोवरून.

उजव्या भिंतीवर मध्यभागी लावायला जे रंगीत छायाचित्र निवडलं होतं ते बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. मोकळ्या हवेत बसलेलं कुटुंब: केनेडी, पत्नी जॅकलिन, मुलगी कॅरोलाइन, धाकटा जॉन, आणि भोवती कुत्रीच कुत्री. सगळे उन्हात, साध्या कपड्यांत. मंडळातल्या कोणीतरी नेटवरून उचललेली फोटोओळ त्याला चिकटवली होती: ‘सुट्टीतले निवांत क्षण’. मंडळात नव्यानं आलेली, कला महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी सूची तपासत होती. तिनं तारीख मोठ्यानं वाचली: १४ ऑगस्ट १९६३, हायनिस पोर्ट (केनेडींचं सुट्टीतलं घर जिथं होतं ते समुद्रकाठचं गाव). मग म्हणाली, “दादा, ह्यांचं बाळ कधी गेलं होतं?”

बाळ ७ ऑगस्ट १९६३ ला जन्मलं होतं, साडेपाच आठवडे आधी. पॅट्रिक नाव ठेवलं. फुप्फुसं पुरती तयार झालेली नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा हा श्वसनाचा विकार तेव्हा जवळपास असाध्य होता. बाळाला बोस्टनला हलवलं, आणि ९ ऑगस्टला ते गेलं. जॅकलिन ओटिस हवाई तळावरच्या इस्पितळात होत्या. तिथून त्या बाहेर पडल्या १४ ऑगस्टला. त्या दिवशी नवरा-बायको हातात हात घालून इस्पितळाबाहेर येताहेत, असंही छायाचित्र आहे. दोन्ही काढणारा एकच, व्हाइट हाउसचा छायाचित्रकार सेसिल स्टॉटन. म्हणजे कुत्र्यांचा फोटो इस्पितळातून घरी आलेल्या आईचा, त्याच दिवसाचा होता.

बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं, फोटो काढूनच टाका. कोणी म्हणालं, फोटो ठेवा, ओळ बदला. काका मात्र ओळ बदलायच्याही विरुद्ध होते. त्यांचं म्हणणं मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो, कारण मला ते अजूनही पूर्ण खोडता आलेलं नाही. “अहो, घरच्यांनी हसरा चेहरा करून फोटो काढून घेतला. पोरांसाठी घेतला असेल, लोकांसाठी घेतला असेल. त्यांना दुःख दाखवायचं असतं तर दाखवलं असतं. आपण कोण खाली मयताची तारीख लिहिणार? माझ्याकडं पण असे फोटो येऊन गेलेत. घरात सुतक आणि पोराचा शाळेचा फोटो काढायचाय. मी काय लिहू मागं?”

मुलीचं उत्तर छोटं होतं. “काका, मग ‘निवांत’ पण नका लिहू ना.”

तिथं वाद मिटला असं नाही, पण मला कामाला धागा सापडला. फोटोओळीनं भावना सांगायची नाही. तारीख, ठिकाण आणि त्या दिवशी घडलेलं तेवढंच सांगायचं. शेवटी भिंतीवर गेलेली ओळ अशी होती: ‘१४ ऑगस्ट १९६३, हायनिस पोर्ट. जॅकलिन याच दिवशी इस्पितळातून घरी आल्या. त्यांचा नवजात मुलगा पॅट्रिक ९ ऑगस्टला वारला होता. छायाचित्र: सेसिल स्टॉटन, व्हाइट हाउस.’ शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम ठेवले. सुट्टीतल्या घरी, अशा दिवशीही सरकारी छायाचित्रकार कामावर होता, हे पाहणाऱ्याला कळायला हवं.

या फोटोत आणखी एक गंमत दडली आहे, ती आम्ही ओळीत घातली नाही पण दालनात उभं राहून बऱ्याच जणांना सांगितली. जॅकलिनपाशी असलेली दोन पिल्लं पुशिंकाची. पुशिंका ही सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये केनेडी कुटुंबाला भेट दिलेली कुत्री, आणि तिची आई स्ट्रेल्का १९६० मध्ये अंतराळात जाऊन परतलेली. घरच्या फोटोतही शीतयुद्ध असं अंगणात येऊन बसलेलं. हा फोटो ‘कुटुंबा’च्या भिंतीवर लावायचा की ‘कर्तव्या’च्या?

या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणूनच दोन भिंती गेल्या. मुलीनं सुचवलं, सगळं तारखेनं लावू. २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीपासून २५ नोव्हेंबर १९६३ च्या अंत्यविधीपर्यंत एकच ओळ, दालनाला वळसा घालून. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावरचे दोन शब्द तसेच राहिले. दारात विचारणाऱ्यांना आम्ही सांगायचो, दोन्ही एकाच भिंतीवर आहे, बघा सापडतं का.

तारखेनं लावल्यावर सर्वांत जास्त काय बदललं तर ऑक्टोबर १९६२.

आधीच्या आराखड्यात ओव्हल ऑफिसात नाचणाऱ्या मुलांचा फोटो उजवीकडे होता आणि क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली त्या संकटातल्या बैठकीचा डावीकडे, मध्ये सगळं दालन. आता ते शेजारी आले. १० ऑक्टोबरला कॅरोलाइन आणि जॉन वडिलांच्या कचेरीत घुसून नाचताहेत आणि केनेडी टाळ्या वाजवताहेत. कॅरोलाइन पाच वर्षांची व्हायची होती, जॉन दोनाचाही नव्हता. २९ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाच्या दालनात लांब टेबलाभोवती तीच सल्लागार मंडळी बसलेली आहेत ज्यांनी आधीचे तेरा दिवस अणुयुद्ध होतं की काय या चिंतेत काढले होते. ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं मान्य करून एकच दिवस झालेला. दोन्ही फोटो स्टॉटनचे. कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस एकच, टाळ्या वाजवणारे आणि टेबलाशी बसलेले हातही एकाच माणसाचे, मध्ये एकोणीस दिवस.

त्या दोघांमध्ये आम्ही तिसरं एक छोटं छायाचित्र लावलं, जे पहिल्या आराखड्यात कुठंच नव्हतं. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानानं क्युबावरून उडताना टिपलेलं, सॅन क्रिस्तोबालच्या परिसरातल्या क्षेपणास्त्र तळाचं. माणूस नाही, चेहरा नाही, वरून दिसणारी झाडी आणि वाहनं. त्या महिन्यात केनेडींचं आयुष्य ज्या फोटोनं बदललं तो हाच. राष्ट्राध्यक्षाचे फोटो म्हटल्यावर आपण त्याला पाहणारे फोटो शोधतो. त्याने पाहिलेला फोटो कोणी लावत नाही.

या तिकडीसमोर नाशिककरांची पावलं अडखळायची, पण त्याचं कारण मला अपेक्षित नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी तारखा वाचल्या आणि सुनेला म्हणाल्या, “अगं हा तर चीनचा महिना. आम्ही शाळेत जवानांसाठी स्वेटर विणत होतो.” खरंच. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला, आणि २२ तारखेला केनेडी दूरचित्रवाणीवरून क्युबाची नाकेबंदी जाहीर करत होते. त्यानंतर कृष्ण मेनन संरक्षणमंत्रिपदावरून गेले, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण त्या जागी आले, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’, आणि दिल्लीला गेलेले यशवंतराव लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. ओझरचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला १९६४ मध्ये. बाईंना हे सगळं पाठ होतं, कारण त्यांचे यजमान ओझरला नोकरीला होते. ‘कुटुंब’ आणि ‘कर्तव्य’ अशा भिंती असत्या तर त्यांना चीन आठवला नसता. तारीख दिसली म्हणून त्यांना स्वतःचा ऑक्टोबर सापडला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही टेबलावर एक वही ठेवली: या तारखांना तुमच्या घरी काय चाललं होतं? वहीत बरंच काही आलं. बरंचसं केनेडींशी काही संबंध नसलेलं. ते वाचायला मला प्रदर्शनापेक्षा जास्त आवडलं.

३ जून १९६३ च्या फोटोपाशी आणखी एक गंमत व्हायची. त्या दिवशी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन वॉशिंग्टनला पोचले आणि केनेडींनी त्यांचं स्वागत केलं. लोक आधी राधाकृष्णन यांना ओळखायचे, मग शेजारच्याला.

आता हक्कांचा भाग. यात वेळ गेला आणि पुढं असं काही करणाऱ्याला हाच उपयोगी पडेल.

सूचीतल्या क्रमांकांच्या सुरुवातीची अक्षरं पाहिली की फोटो कोणाचा ते कळतं. ‘एसटी’ म्हणजे स्टॉटन, ‘केएन’ म्हणजे रॉबर्ट नुडसेन, ‘एआर’ म्हणजे ॲबी रो. (आमच्या बैठकीत ‘एसटी आली का’ हा विनोद अखेरपर्यंत पुरला.) स्टॉटन लष्कराच्या सिग्नल कोरचा, म्हणजे संदेशवहन दलाचा अधिकारी, नुडसेन नौदलाचा, रो राष्ट्रीय उद्यान सेवेचा. तिघेही सरकारी पगारावर, म्हणून तिघांचे फोटो खुले. ओव्हल ऑफिसात नाचणाऱ्या मुलांचा फोटो त्यामुळे आम्हाला फुकट मिळाला.

पण त्याच ओव्हल ऑफिसात, वडिलांच्या टेबलाखालून डोकावणाऱ्या छोट्या जॉनचा जो फोटो जगभर माहीत आहे तो स्टॉटनचा नाही. तो स्टॅनली ट्रेटिकचा, ‘लुक’ मासिकासाठी ऑक्टोबर १९६३ मध्ये काढलेला. खाजगी मासिकाचा छायाचित्रकार, म्हणजे तो नियम त्याला लागू नाही. मंडळातल्या एकानं विचारलं, “खोली तीच, पोरगं तेच, टेबल तेच. फरक कशाचा?” फरक पगाराचा.

आणि याहून महत्त्वाचा दुसरा. ट्रेटिकनं ते फोटो काढले तेव्हा जॅकलिन घरी नव्हत्या, भूमध्य समुद्राच्या सफरीवर होत्या. मुलांचे फोटो वृत्तपत्रांत येऊ नयेत याबद्दल त्या आग्रही होत्या, नवऱ्याचं मत वेगळं होतं, आणि त्या परदेशी असताना मासिकाला आत घेतलं गेलं. १० ऑक्टोबर १९६२ च्या नाचातलाही एक फोटो लगेच वृत्तपत्रांकडे गेला होता. घरातल्या फोटोकडे पाहताना मी तेव्हापासून आधी हे विचारतो की त्या दिवशी घरात कोण नव्हतं. फोटोतल्या मुलाचं हसू खरं असतं. दार कोणी उघडलं हा निराळा प्रश्न आहे.

ट्रेटिकचा फोटो लावता येणार नव्हता. तसाच २५ नोव्हेंबर १९६३ चा, वडिलांच्या शवपेटीला सलाम करणाऱ्या जॉनचा. तो यूपीआय वृत्तसंस्थेच्या स्टॅन स्टर्न्सचा. त्या दिवशी जॉनचा तिसरा वाढदिवस होता. हे दोन फोटो नसलेलं केनेडींचं प्रदर्शन अर्धवट दिसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी म्हणालं लावून टाका, नाशिकला कोण बघायला येतंय. यावर काकांनी झापलं. त्यांचे स्वतःचे कुंभमेळ्याचे फोटो लोकांनी न विचारता दिनदर्शिकांवर छापलेत, त्यामुळे या बाबतीत ते फार कडक आहेत. शेवटी दोन्ही ठिकाणी मोकळी काळी चौकट लावली आणि खाली ओळ लिहिली: कोणता फोटो, कोणी काढला, कधी, आणि इथं का नाही. युक्ती सगळ्यांना कळली असं नाही. “फोटो पडला का हो?” हे रोज ऐकावं लागलं. एका आजोबांनी तर खाली वाकून शोधला.

मालकी आणि जपणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही याच निमित्तानं चर्चेत आलं. केनेडींच्या कुटुंबाशी जवळीक असलेला जॅक लो हा छायाचित्रकार सरकारी नव्हता. त्यानं प्रचाराच्या दिवसांपासून काढलेल्या केनेडींच्या सुमारे चाळीस हजार निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या एका इमारतीत बँकेच्या तिजोरीत सुरक्षित ठेवल्या होत्या. २००१ च्या ११ सप्टेंबरला त्या गेल्या. छापील प्रती आणि कॉन्टॅक्ट शीट (एका कागदावर अनेक निगेटिव्हच्या छोट्या प्रती) उरल्या. काका हे ऐकून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या निगेटिव्हचे डबे पोटमाळ्यावरून खाली आणले.

२२ नोव्हेंबर १९६३, केनेडींची हत्या झाली तो दिवस. त्या दिवसाच्या या एका फोटोवर सर्वांत कमी वाद झाला, खरं तर व्हायला हवा होता. डलासच्या लव्ह फील्ड विमानतळावर, राष्ट्राध्यक्षांच्या विमानातल्या कोंदट जागेत, उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताहेत. न्यायाधीश सारा ह्यूज समोर, एका बाजूला पत्नी लेडी बर्ड, दुसऱ्या बाजूला जॅकलिन. त्यांच्या कपड्यांवर रक्त होतं. स्टॉटननं चौकट अशी धरली की ते दिसू नये. फोटो तातडीनं जगभर पाठवायचा होता. सत्तेत खंड पडलेला नाही याचा तो पुरावा होता, आणि त्यात विधवा उभी असणं गरजेचं होतं. तिचं वैयक्तिक दुःख त्या क्षणी सरकारी दस्तऐवज झालं. मला वाटतं, इथं ‘कुटुंब’ हा शब्द वापरणंसुद्धा खोटं ठरलं असतं.

या फोटोची छपाई मात्र वादाची ठरली. स्टॉटनच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौकोनी, चारी बाजू सारख्या. कॅनडा कॉर्नरजवळच्या छापणाऱ्यानं विचारलं, “बारा बाय अठरा करू ना? कडा जातील थोड्या.” थोड्या कडा म्हणजे एका बाजूनं लेडी बर्ड नाही तर दुसरीकडून जॅकलिन. पांढरी कड सोडून चौकोनीच छापायला सांगितलं. त्याला ते विचित्र वाटलं, कागद वाया जातो म्हणून. मग सगळेच स्टॉटन चौकोनी छापले, आणि सनबोर्डवर चढवले. फ्रेम परवडत नव्हत्या.

काय फसलं तेही लिहायला हवं. दालनाचं दार मधोमध आहे, त्यामुळे अर्धे लोक डावीकडून सुरू करायचे आणि अर्धे उजवीकडून, म्हणजे काहींनी अंत्यविधी आधी पाहिला. जमिनीवर बाण चिकटवले तरी फरक पडला नाही. कॉलेजची मुलं सरळ कुत्र्यांपाशी जाऊन सेल्फी काढायची, खालची ओळ वाचून मग मोबाइल खाली घ्यायची. काही जण वाचायचेच नाहीत. एका शिक्षिकेनं आम्हाला स्पष्ट सांगितलं की मुलांना घेऊन आले होते, आनंदाच्या फोटोखाली तुम्ही मृत्यू लिहून ठेवलात, ते मला आवडलं नाही. काका शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पुढचं प्रदर्शन इथल्या नेत्यांचं करावं असं मंडळात घाटतंय, आणि तिथं गणित उलटं आहे. आपल्या कायद्यात सरकारी छायाचित्रावर सरकारचाच हक्क असतो, प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालात प्रसिद्ध झालेले सरकारी फोटो २०२२ संपल्यावर खुले झाले. पुढच्या वर्षांचे एकेक करून होत जातील. प्रश्न आहे तो काकांच्या डब्यांचा. त्यांत नाशिकला आलेल्या मंत्र्यांच्या सभा आहेत, आणि त्याच मंत्र्यांच्या घरची लग्नं, बारशी, एकसष्टी आहेत. सभेचे फोटो काकांनी हौसेनं काढले, ते त्यांचे. लग्नाचे पैसे घेऊन काढले, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर पैसे देऊन फोटो काढून घेणारा त्याचा पहिला मालक. निगेटिव्ह काकांच्या पोटमाळ्यावर, हक्क त्या घराकडे. त्या घरांतली पुढची पिढी आता कोणी पुण्याला, कोणी परदेशात. मुलीनं वहीत यादी करायला घेतली आहे: फोटो, तारीख, पैसे कोणी दिले, विचारायचं कोणाला. चौथ्या रकान्यात अजून फारसं काही भरलेलं नाही.